शून्य लिटरचा माणूस

बचत करायची तर आधी काहीतरी उडवलेलं असावं लागतं. ही गोष्ट इतकी उघड आहे, की पिढ्यानपिढ्या ती कुणाच्या लक्षातच आली नाही. ज्याच्या घरात चार दिवे जळतात तो त्यातला एक मालवू शकतो. ज्याच्या घरात एकच जळतो तो मालवायला गेला, तर त्याला बचत म्हणत नाहीत, अंधार म्हणतात. इंधन बचत वर्षाची सगळी उभारणी या भक्कम तत्त्वावर झाली होती. वजनमापे कार्यालयातल्या हेडक्लार्कना मात्र ते तत्त्व वेळेवर कुणी समजावून सांगितलं नाही, आणि त्यामुळे पुढचं सगळं घडलं.

हेडक्लार्क चोपन्न वर्षांचे होते. दुकानदारांच्या वजनांवर आणि लिटरच्या मापांवर शिक्का मारला की त्याची नोंद मोठ्या वहीत करायची, हे त्यांचं काम. कार्यालयात त्यांना 'पायदळ' म्हणत, कारण बावीस वर्षं ते घरून चालत येत. अंतर अडीच किलोमीटर, वेळ बत्तीस मिनिटं. घरासमोरचा उतार उतरायचा, शाळेच्या कुंपणाला लागून जायचं, दोन गोदामांच्या भिंतींमधल्या अरुंद बोळातून पलीकडे निघायचं, की कार्यालयाचं मागचं फाटक. यात त्यांचं काही तत्त्व वगैरे नव्हतं. तत्त्व असतं तर त्यांनी ते चारचौघांत बोलून दाखवलं असतं आणि एव्हाना त्यांच्याकडे गाडीही आली असती. त्यांना नुसती सवय होती.

एका सोमवारी पत्रक आलं. विषय अतितातडीचा असल्यामुळे ते टपालाने न पाठवता राजधानीहून खास गाडीने पाठवलं होतं. चौदा कार्यालयांना चौदा प्रती द्यायच्या म्हणून गाडीने चौदा फेऱ्या केल्या (पंधरावी फेरी जोडपत्र राहून गेलं म्हणून). जमिनीखालचं तेल सत्तेचाळीस वर्षांत संपणार, असं पत्रकाच्या पहिल्या पानावर म्हटलं होतं. तिसऱ्या पानावर बावन्न वर्षं होती. टाइप करता करता मध्येच कुठेतरी पाच वर्षांचा साठा सापडला असावा. तेव्हा प्रत्येक अधिकाऱ्याने आणि कर्मचाऱ्याने आपला इंधनवापर गेल्या वर्षीपेक्षा वीस टक्क्यांनी कमी करावा आणि सोबतचा तक्ता संगणकावर भरून पाठवावा, असा आदेश होता.

तक्त्यात चार रकाने होते. गेल्या वर्षीचा वापर, यंदाचा वापर, बचत, आणि बचतीची टक्केवारी.

उपनियंत्रक साहेबांनी आपला तक्ता पहिल्याच दिवशी भरला. गेल्या वर्षी त्यांच्या खाती तीन हजार शंभर लिटर होते. साहेबांचं घर ते कार्यालय, साहेबांचं कार्यालय ते क्लब, आणि साहेबांच्या कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ फिरायला नेणं, असा तो वापर होता. साहेबांनी मन घट्ट करून कुत्र्याची संध्याकाळची फेरी बंद केली. एका फटक्यात सहाशे चाळीस लिटर वाचले. एवढी बचत आसपासच्या चौदा कार्यालयांत कुणाचीच नव्हती. राजधानीहून हिरव्या किनारीचं प्रमाणपत्र आलं आणि ते चौकटीत घालून दर्शनी भिंतीवर लावण्यात आलं. (कुत्र्याचा उल्लेख प्रमाणपत्रात नाही. खरा त्याग करणारे नेहमीच पडद्याआड राहतात.) शिपायाच्या स्कूटरची टाकी दोन वर्षं गळत होती. त्याने ती गळती बंद केली आणि तोही तेहतीस टक्क्यांचा मानकरी ठरला.

हेडक्लार्कनी आपल्या नावापुढे शून्य लिहिलं, पुढच्या रकान्यातही शून्य लिहिलं आणि टक्केवारीच्या रकान्यावर बोट ठेवलं. संगणक जागच्या जागी गोठला. शून्याला शून्याने भागायचं त्याला जमेना. एका माणसाची टक्केवारी निघेना म्हणून सबंध कार्यालयाचा तक्ता पुढे जाईना.

साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं.

"तुम्ही शून्य लिहिलंय."

"हो साहेब. मी चालत येतो."

"ते मला माहीत आहे. पण गेल्या वर्षीही शून्य?"

"गेल्या वर्षीही चालतच येत होतो."

साहेबांनी तक्ता आपल्याकडे ओढला. "मग यात सुधारणा कुठे आहे?"

बावीस वर्षांत हेडक्लार्कनी कुठल्याच साहेबाला उलट उत्तर दिलं नव्हतं. आताही ते उलट देत नव्हते, सरळच देत होते. "सुधारणेला जागाच उरलेली नाही, साहेब."

"तेच तर म्हणतोय मी," साहेब समजुतीने म्हणाले. "थोडी जागा ठेवायला हवी होती."

संध्याकाळी सूचनाफलकावर यादी लागली. सर्वांत वर साहेब, सर्वांत खाली लाल शाईत हेडक्लार्क. 'बचत : नाही.' येणारे-जाणारे दुकानदार ती वाचत आणि हेडक्लार्ककडे चोरून बघत. इतका साधा दिसणारा माणूस आतून असा उधळ्या असेल, असं कुणाला वाटलं नव्हतं.

आठवड्याभरात राजधानीहून एक सल्लागार आले. सकाळच्या विमानाने आले, संध्याकाळच्या विमानाने जाणार होते. एखाद्या डॉक्टरला पुस्तकात वाचलेला दुर्मीळ रोग समोर खुर्चीत बसलेला दिसावा, तसं त्यांनी हेडक्लार्ककडे पाहिलं, पातळसा संगणक उघडला आणि दहा मिनिटांत निदान केलं.

घरी हेडक्लार्कची बायको शिवणयंत्रावर वाकली होती. ती घरातच शिवणाचे वर्ग घेई. तिने मान वर न करताच विचारलं, "काय म्हणाला तो?"

"म्हणाला, तुम्हाला बेसलाइन नाही."

तिने दाताने दोरा तोडला. "मग दुखतं का कुठे?"

बेसलाइन म्हणजे सुरुवातीचा आकडा. तो नसेल तर कमी काय करणार? सल्लागारांनी लिहून दिलेला उपाय सोपा होता. हेडक्लार्कनी तीन महिने सरकारी गाडीने यावं. तो वापर 'गेल्या वर्षीचा वापर' म्हणून मानला जाईल. चौथ्या महिन्यापासून त्यांनी पुन्हा चालत यावं, म्हणजे शंभर टक्के बचत होईल. जो माणूस आज यादीत तळाला आहे, तो नुसतं आहे तसं राहून वर जाईल. त्यासाठी त्याला फक्त मध्ये थोडं बिघडायचं होतं.

गाडी होतीच. कार्यालयाच्या मागच्या शेडमध्ये एक जुनी जीप चार वर्षं उभी होती. एक निरीक्षक निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही, जीप राहिली, आणि जीपबरोबर तिचे ड्रायव्हरही राहिले. सगळं कार्यालय त्यांना मामा म्हणे. चार वर्षं मामा दहाच्या ठोक्याला येत, जीप पुसत, आत बसत आणि सहाला उतरून घरी जात. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. जीप भंगारात निघाली की मामा 'अतिरिक्त' ठरणार होते, आणि अतिरिक्त ड्रायव्हरांना तीनशे किलोमीटरवरच्या मिठाच्या गोदामावर पाठवत. मामांच्या घरी आठ महिन्यांची नात होती. दुसऱ्या कुणाच्या मांडीवर ती झोपत नसे.

पहिल्या दिवशी मामा इस्त्रीचे कपडे घालून दारात उभे राहिले आणि त्यांनी मागचं दार उघडून धरलं. "या, हेडसाहेब."

हेडक्लार्कना आजवर कुणी साहेब म्हटलं नव्हतं. ते पुढे मामांच्या शेजारी जाऊन बसले. सहा मिनिटांत कार्यालय आलं. जीपने पाव लिटर तेल खाल्लं. इथे नवी अडचण उभी राहिली. संगणक अर्ध्या लिटरच्या खालचं काही मोजत नसे, त्याचं शून्यच करी. म्हणजे हेडक्लार्क गाडीत बसूनही पायीच होते. मग साहेबांनी लेखी परवानगी दिली, की जीपने थेट न येता शहराबाहेरच्या वळण रस्त्याने दोन फेऱ्या मारून यावं. तेव्हापासून हेडक्लार्क चालायला निघत त्याच वेळी घरून निघत, पाण्याची टाकी आणि सिमेंटचा कारखाना दोनदा बघत, आणि चालत येताना पोचत त्यापेक्षा अठरा मिनिटं उशिरा पोचत. वेग वाढल्यावर वेळ जास्त लागतो, हे त्यांना तेव्हा नवीन होतं.

पहिले काही दिवस त्यांना चोरी केल्यासारखं वाटे. कुणी ओळखीचं दिसलं की ते बुटाची नाडी बांधायला खाली वाकत. तिसऱ्या आठवड्यात ते काचेवर कोपर टेकवून बसू लागले. सहाव्यात पायांना घाम येणं थांबलं. नवव्या आठवड्यात शाळेच्या कुंपणाजवळ एक गृहस्थ रस्त्यातून आरामात चालले होते, जीप हळू करावी लागली, आणि हेडक्लार्क म्हणाले, "लोकांना चालायचं वळणच नाही." गृहस्थांनी वळून पाहिलं. ते शाळेचे निवृत्त मास्तर होते. रोज सकाळी त्याच जागी हेडक्लार्क बावीस वर्षं त्यांना नमस्कार करत आले होते.

मामांनी आरशात पाहिलं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. हेडक्लार्कच्या बायकोचे गुडघे दुखत. व्यायाम करून घेणारी डॉक्टरीण शहराच्या दुसऱ्या टोकाला होती, दोन बस बदलून जावं लागे, म्हणून ती जात नसे. जीप वळण रस्त्याने त्या दवाखान्यावरूनच जायची. पाच आठवडे ती मागच्या बाकावर बसून गेली आणि सहाव्या आठवड्यात एका दमात जिना चढली. वर पोचून तिने खाली उभ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, तुमची बेसलाइन मानवली मला." तक्त्यात गुडघ्यांसाठी रकाना नव्हता.

हेडक्लार्कचं वजन याच काळात सहा किलोंनी वाढलं (वजनमापे कार्यालय असल्यामुळे आकडा अचूक आहे). रक्तातली साखरही वाढली. डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं. गावाबाहेर एक आरोग्य उद्यान होतं, तिथे चालण्यासाठी खास लाल मातीची गोल वाट केलेली होती. मामा त्यांना संध्याकाळी जीपने तिकडे नेत. उद्यानाबाहेर गाड्या लावायला जागा नसे, कारण आत चालणारे सगळेच गाडीने आलेले असत. जीप एकदा बंद केली की पुन्हा चालू होईल याचा नेम नव्हता, म्हणून मामा ती चालूच ठेवत. तीन-चार जण आणखी तसं करत. आतले लोक हात हलवत भराभर चालत आणि खोल श्वास घेऊन तो धूर छातीत भरून घेत. कुत्र्याची संध्याकाळची फेरी साहेबांनी बंद केली होती खरी, पण ते स्वतः चालायला येत तेव्हा तो सोबत असे. साहेबांच्या चालण्याची फेरी आरोग्याच्या खात्यात जाई.

तीन महिने भरले. बेसलाइन तयार झाली. एक तारखेला सकाळी हेडक्लार्क जुने बूट घालून उतारावर आले आणि चालायला लागले. दहा मिनिटांत त्यांना धाप लागली. पाववाल्याने विचारलं, "गाडी बिघडली का?" पुढे न्हाव्याने विचारलं. त्याच्यापुढे शाळेच्या पहारेकऱ्याने. गाडी मुळीच बिघडली नव्हती. ती दहा पावलांवर मागे होती.

त्याला कारण होतं. गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते आणि गाडी नादुरुस्त दिसते, म्हणून ती रोज चालवणं नियमाने बंधनकारक होतं. शिवाय हेडक्लार्क खरोखर चालतात हे कुणीतरी पाहून लॉगबुकात लिहायला हवं होतं. ही दोन्ही कामं एकाच वेळी होतील अशी सोय साहेबांनी केली. जीप पहिल्या गिअरमध्ये हेडक्लार्कच्या मागे चाले. पहिल्या गिअरमध्ये तेल जास्त जातं. आधी आठवड्याला आठ लिटर लागत, आता अकरा लागू लागले. पण ते अकरा लिटर 'वाहन देखभाल' या खात्यात जात आणि हेडक्लार्कच्या खात्यात स्वच्छ शून्य येई. आठ लिटरवरून शून्य म्हणजे शंभर टक्के बचत झाली. गोदामांमधल्या बोळातून जीप जात नसल्यामुळे त्यांना मोठ्या रस्त्याने लांबून यावं लागे, तेवढंच.

चौथ्या दिवशी हेडक्लार्क मागे झाले आणि जीपच्या खिडकीला लागून चालू लागले.

"मामा, तुम्ही पुढे जाऊन कार्यालयात बसा ना. मी येतो."

"पुढे गेलो तर गाडी उभी दिसेल, हेडसाहेब. गाडी उभी दिसली की ती भंगारात, आणि तिच्यामागे मी."

"पण हे बरं दिसतं का?"

"तुम्हाला मागचं दिसत नाही म्हणून बरं आहे," मामा म्हणाले. "मला समोर दिसतं."

हेडक्लार्क पुढे चालू लागले. साहेबांना एक पत्र लिहायचं त्यांनी मनात ठरवलं होतं. 'मला पूर्वीप्रमाणे चालू द्यावे', एवढंच. पण त्या पत्रावर सही झाली की मामांचा गाशा गुंडाळला जाणार, हे त्यांना दिसत होतं. पत्र लिहिलं गेलं नाही.

शंभर टक्क्यांची बातमी वर पोचली. एवढी बचत कुठल्याच खात्यात नव्हती. खुद्द संचालकांनी हा माणूस चालताना बघायचं ठरवलं, आणि ते एका गुरुवारी सकाळी अकरा गाड्यांचा ताफा घेऊन आले. संचालकांची गाडी, साहेबांची गाडी, सल्लागारांची गाडी, छायाचित्रकारांची एक, चालता चालता माणूस कोसळला तर म्हणून एक रुग्णवाहिका, आणि इतर कुठली गाडी बिघडलीच तर लागेल म्हणून एक पूर्ण रिकामी गाडी. उरलेल्या पाच गाड्यांत कोण होतं हे शेवटपर्यंत समजलं नाही. ताफ्याच्या सर्वांत पुढे मामांची जीप आणि जीपच्या पुढे हेडक्लार्क, गळ्यात 'मी इंधन वाचवतो' अशी पाटी.

ते चालू लागले आणि मागे सगळं शहर चालायच्या वेगाला आलं. ताफ्यामागे बस, बसमागे दुधाची गाडी, तिच्यामागे कामावर निघालेली माणसं. साहेबांनी काच खाली करून दोनदा सांगितलं, "जरा सावकाश. फोटो हलताहेत." हेडक्लार्क आणखी सावकाश झाले. फुटपाथवरची माणसं त्यांना ओलांडून पुढे जाऊ लागली. त्यांत निवृत्त मास्तर होते. त्यांनी पाटी वाचली, मागची रांग पाहिली आणि नमस्कार न करता निघून गेले.

हेडक्लार्कचे कान तापले. समोर डाव्या हाताला गोदामांमधला बोळ होता. त्यांनी तसं काही ठरवलं नव्हतं. पाय वळले.

बोळात गारवा होता. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरून उभं राहावं, एवढीच रुंदी. एका नळाखाली बादली भरत होती. मागच्या इंजिनांचा आवाज दहा पावलांत बारीक झाला आणि वीस पावलांत गेला. हेडक्लार्कनी गळ्यातली पाटी काढून काखेत धरली. आपल्याच बुटांचा आवाज त्यांनी चार महिन्यांत ऐकला नव्हता. बोळाच्या मध्यावर गोदामाच्या माडीवरल्या एका घराची चौदा पायऱ्यांची दगडी चढण होती. सगळ्यात खालच्या पायरीवर भाजी निवडत बसणारी बाई आजही तिथेच होती.

"बऱ्याच दिवसांनी," ती म्हणाली.

"गाडी होती," हेडक्लार्क म्हणाले.

"बरं आहे ना आता?" तापातून उठलेल्या माणसाला विचारावं तसं तिने विचारलं.

ते मागच्या फाटकाने कार्यालयात शिरले, आपल्या खुर्चीत बसले आणि वही उघडली. दहा मिनिटांनी मामा आले. पायी. धापा टाकत, घामाघूम, हातात जीपची किल्ली.

"तुम्ही दिसेनासे झालात," मामा म्हणाले. "मला वाटलं, चक्कर आली की काय. मग उतरलो आणि आलो मागोमाग."

"आणि जीप?"

"कुलूप लावलंय."

मग हेडक्लार्कनी शिपायाला दोन चहा सांगितले. मामा एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच कामावर चालत आले होते. चहा येईपर्यंत ते आपल्या पायांकडे बघत बसले. बोळाच्या तोंडाशी कुलूपबंद जीप, तिच्यामागे अकरा गाड्या आणि त्यांच्यामागे सगळं शहर, असं एक तास चाळीस मिनिटं उभं होतं. हजार-बाराशे इंजिनं सुरू होती. त्यांचं तेल कुणाच्याच खात्यात न जाता परस्पर हवेत गेलं.

चौकशी झाली. मामांना मिठाच्या गोदामावर पाठवायचा कागद टाइप होऊन तयार होता. हेडक्लार्कनी साहेबांसमोर उभं राहून लेखी जबाब दिला. 'वाहनचालकाने वाहन माझ्या तोंडी हुकमावरून सोडले. दोष सर्वस्वी माझा आहे.' त्यांनी तसा हुकूम दिला नव्हता, आणि ड्रायव्हरला हुकूम देण्याचा अधिकारही त्यांना नव्हता. ज्या हाताने बावीस वर्षांत नोंदवहीत एक चुकीचं माप लिहिलं नव्हतं, त्या हाताने त्यांनी खाली ठळक सही केली. मामा वाचले. हेडक्लार्कची शंभर टक्के बचत रद्द झाली. बोळातले चारशे मीटर ते चालले की कुणाच्या गाडीत बसून आले, याला पुरावा नव्हता.

पण शासन सूडबुद्धीने वागत नाही. अहवालात मुख्य ठपका बोळावर ठेवला होता. 'सदर बोळ अरुंद असल्याने चालणाऱ्या व्यक्तीचे वाहनातून निरीक्षण करणे अशक्य होते.' चार महिन्यांत बोळ रुंद झाला. एका गोदामाची भिंत गेली, नळ गेला, चौदा पायऱ्या आणि वरचं घर गेलं. आता तिथून दोन गाड्या शेजारी शेजारी जातात, आणि त्या जात असल्यामुळे चालता येत नाही. पायऱ्यांवरच्या बाईला सात किलोमीटरवरच्या नव्या वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या.

हेडक्लार्क तिला भेटायला गेले. बस तिकडे जात नव्हती, रस्त्याला फुटपाथ नव्हता, म्हणून मामांनी जीपने नेलं. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत दोनदा मनाशी म्हणून पाहिलं होतं. बाईने पाणी दिलं. तिच्या नवऱ्याने हप्त्यावर मोटारसायकल घेतली होती, ती दारात उभी होती.

"माझ्यामुळे झालं हे," हेडक्लार्क म्हणाले.

"तुमच्यामुळे कसं?" बाई म्हणाली. "तुम्ही तर चालत गेलात."

पाणी पिऊन ते उठले. "इथे सगळंच लांब आहे," ती दारापर्यंत येऊन म्हणाली, "पण रस्ता चांगला आहे."

मोटारसायकल आल्यामुळे त्या कुटुंबाला बेसलाइन मिळाली आहे. पुढच्या वर्षी त्यांच्याकडून वीस टक्के बचत अपेक्षित आहे.

शिक्षा म्हणून हेडक्लार्कना इंधन बचत वर्षाची यशोगाथा लिहायला बसवलं. त्यांचं अक्षर आणि भाषा दोन्ही चांगली होती. त्यांनी जे घडलं ते तसंच लिहिलं. प्रमाणपत्र लिहिलं, जीप लिहिली, मास्तर लिहिले, बोळ लिहिला, आपण रस्त्यातल्या माणसावर चिडलो तेही लिहिलं. मसुदा साहेबांकडे गेला तेव्हा आता आपल्यालाही मिठाच्या गोदामावर जावं लागणार, म्हणून त्यांनी बायकोला सामानाची यादी करायला सांगितलं. साहेबांनी तो एका बैठकीत वाचून काढला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि मंजुरीची सही केली. "फार मार्मिक लिहिलंय," ते म्हणाले. "असे साहेब असतात खरे. आमच्या आधीचे अगदी असेच होते."

पुस्तिका गुळगुळीत कागदावर छापली गेली, खास गाड्यांनी घरोघर पोचली, आणि तिचा परिणाम मोजण्यात आला. वाचणाऱ्यांपैकी चौऱ्याण्णव टक्के लोकांनी लिहून दिलं, की गोष्टीतल्या साहेबांसारखे लोक आहेत म्हणूनच हा देश सुधारत नाही, आपण स्वतः मात्र तसे नाही. उरलेले सहा टक्के साहेबच होते. त्यांनीही तेच लिहून दिलं. पुस्तिका वाचून कुणी एक फेरी कमी केल्याचं आढळलं नाही, परंतु वाचताना जवळजवळ प्रत्येकाने मान डोलावली होती. इतकं एकमत यापूर्वी कुठल्याच योजनेला मिळालं नव्हतं. तेव्हा सल्लागारांच्या शिफारशीवरून ही मान्यता हीच बचत समजावी, आणि मान डोलावणाऱ्या प्रत्येक वाचकाच्या नावे दोन लिटर जमा करावेत, असा निर्णय झाला.

तो निर्णय अजून लागू आहे. तुम्ही इथवर वाचत आला आहात, तेव्हा तुमचे दोन लिटर जमा झाले आहेत. ते संपवायला वेगळं काही करावं लागत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून काहीतरी आणायचं राहिलं असेलच.